एका सुताचं भांडण

माझदाची मियाटा ही छोटी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. १९९५ च्या मॉडेलपासून माझदाने तिच्यात एक गंमत केली. डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा तसाच ठेवला, पण त्यामागचा खरा सेन्सर काढून साधा चालू-बंद स्विच बसवला. म्हणजे किंचित जरी दाब असला तरी काटा मधोमध जाऊन उभा! रेस ट्रॅकवर जोरात वळताना तेल एका बाजूला सरकतं, दाब पडतो, बेअरिंगं जायची वेळ येते, आणि काटा आपला शांत. म्हणून हौशी मंडळी बाहेरचा खरा गेज घेतात.

खरी मजा इथून पुढे.

अमेरिकन गेजच्या सेन्सरवर असतं '१/८ एनपीटी'. इंजिनाच्या ब्लॉकमधलं भोकही १/८ चंच. आपल्या सुतार-फिटर लोकांच्या भाषेत एक सूत. पण सेन्सर जेमतेम एखाद-दुसरा आटा धरतो आणि अडतो. कारण भोक आहे बीएसपीटी, म्हणजे ब्रिटिश. अमेरिकन आट्याचा कोन ६० अंश आणि इंचाला २७ आटे. ब्रिटिश कोन ५५ अंश आणि इंचाला २८. बाहेरचा व्यास एकाचा साधारण १०.३ मिलीमीटर, दुसऱ्याचा ९.७. आता एक अष्टमांश इंच म्हणजे सव्वातीन मिलीमीटरसुद्धा नाही, मग यात 'एक सूत' कुठे आहे? कुठेच नाही! ते जुन्या पाइपच्या आतल्या पोकळीचं नाव, तेवढं मागे राहिलं.

हे भांडण जुनं आहे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची साधारण सरासरी काढली आणि ५५ अंशांचा, गोल माथ्याचा आटा सुचवला. १८६४ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स उभा राहिला. त्याचं म्हणणं, ५५ अंश मोजायला कटकट, गोल माथा कापायला कटकट. ६० अंश घ्या, माथा सपाट ठेवा, साध्या कारागिरालाही जमेल. (माझं मत विचाराल तर सेलर्स बरोबर होता.) त्याच शहरातल्या रॉबर्ट ब्रिग्जने पाइपांसाठी ६० अंशांचा निमुळता आटा बसवला आणि १८८६ मध्ये तो अमेरिकेचा प्रमाण आटा झाला. आजचा एनपीटी तो हाच.

दुसऱ्या महायुद्धात याची किंमत कळली. अमेरिकेतल्या पॅकार्डने रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान इंजिन बनवायला घेतलं, तेव्हा ब्रिटिश आटे पाडायची हत्यारंच तिथे मिळेनात. कंपनीला ती स्वतः करावी लागली. शेवटी नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने नट-बोल्टसाठी एकच आटा मान्य केला, ६० अंशांचा. पण पाइपांचे आटे त्या तहातून बाहेर राहिले! जमिनीखाली, भिंतींत इतके पाइप घातलेले असताना ते कोण बदलणार?

जपानने पाइपांसाठी ब्रिटिश घराणं धरलं. तिथे त्याला 'पीटी' म्हणत, आता 'आर' म्हणतात. आपलं आयएस ५५४ त्याच कुळातलं. गंमत म्हणजे अर्ध्या आणि पाऊण इंचाला दोन्हीकडे इंचाला १४ च आटे, त्यामुळे प्लंबरचं बऱ्याचदा निभावून जातं. नेमकं एका सुताला निभावत नाही. पान्याने जबरदस्ती केली तर ब्लॉकचे आटे खराब होणार, नाहीतर तेल गळणार.

उपाय म्हणजे बोटाच्या पेराएवढा अडॅप्टर: एका तोंडाला बीएसपीटीचे बाहेरचे आटे, दुसऱ्याला एनपीटीचे आतले. अमेरिकेत साध्या हार्डवेअरच्या दुकानात हा सहसा मिळत नाही, हायड्रॉलिक फिटिंगवाल्याकडे विचारावं लागतं. आणि मिळाला की लगेच जड सेन्सर त्यावर टांगू नये. पितळेची भिंत पातळ असते, इंजिनाच्या थरथरीने मानेशी तुटते आणि मग तेल दाबाने बाहेर. त्यापेक्षा अडॅप्टर पोलादी घ्यावा, त्यातून जाळीची होज काढावी आणि सेन्सर बॉडीवर पक्का बसवावा. एकच वायर असलेला सेन्सर अर्थिंग अंगातूनच घेतो, तेव्हा तिथे अर्थची वायर वेगळी जोडायला विसरू नका, नाहीतर नवा काटाही खोटंच बोलेल.