चेहरेपट्टी ते प्रोफाइल: नोकरीसाठी ओळख पटवण्याचा इतिहास

१/ ‘चेहरेपट्टी अगदी आईची आहे’ असे आपण सहज म्हणतो. हा शब्द मुळात लष्करी दफ्तरातला. शिपायाचे नाव, बापाचे नाव, गाव, वर्ण, अंगावरील खुणा आणि घोड्याचे वर्णन यांची नोकरीस ठेवताना होणारी नोंद म्हणजे चेहरेपट्टी. आजच्या ‘प्रोफाइल’चा हा पूर्वज. दफ्तरापासून सणसवाडीच्या कारखान्यांपर्यंतचा त्याचा प्रवास या धाग्यात पाहू.

२/ अशी नोंद का करावी लागली? कारण अविश्वास. गणतीच्या दिवशी उसनी घोडी व भाडोत्री माणसे उभी करून पगार उचलण्याची लबाडी जुनीच होती. म्हणून अलाउद्दीन खिलजीने (कारकीर्द १२९६–१३१६) घोड्यांना डाग देण्याची व शिपायांचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत सक्तीची केली. पुढे अकबरानेही ती चालवली. मराठी फौजेतील शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. त्यामुळे माणसाइतकीच घोड्याची नोंदही महत्त्वाची ठरे.

३/ येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. चेहरेपट्टी कारकून लिही, शिपाई नव्हे. आणि ती माणूस ‘कोण’ हे सांगे, त्याला ‘काय येते’ हे सांगत नसे. कामाची पारख व्हायची ती प्रत्यक्ष कामातूनच. ‘उमेदवार’ या फारसी वळणाच्या शब्दाचा अर्थ ‘आशेवर असलेला’. कचेरीत बिनपगारी लेखणी झिजवत, जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तरुण म्हणजे उमेदवार. ज्याच्या घरी खायला होते त्यालाच ही वाट परवडे.

४/ इंग्रजी अमदानीत पुराव्याचे रूप बदलले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. उत्तीर्ण होणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते. हळूहळू घराणे व वशिला यांच्या जोडीला छापील प्रमाणपत्र आले. वशिला संपला नाही, पण त्याला प्रतिस्पर्धी मिळाला.

५/ श्रमिकांच्या वाट्याला मात्र हा कागद आला नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या दशकांत कोकणातून व घाटावरून हजारो माणसे गिरणगावात आली. त्यांची भरती जॉबर करी, स्त्रियांची नाईकीण. गाववाला, जातवाला, भाऊबंद या नात्यांनी दार उघडे आणि अनेकदा त्यासाठी दस्तुरी मोजावी लागे. कामगाराची सारी ‘प्रोफाइल’ जॉबरच्या डोक्यात असे. त्याची मर्जी गेली की ती पुसली जाई.

६/ व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीचे अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली. १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना आली. एका माणसाच्या स्मृतीतून कामगाराचे नाव प्रथमच कागदावर उतरू लागले.

७/ दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळ्या झालेल्यांना काम मिळावे म्हणून १९४५ साली सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था उभी राहिली. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापना, तसेच २५ वा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणे बंधनकारक झाले. जागा कळवणे बंधनकारक होते, त्या यादीतूनच माणूस घेणे नव्हे. म्हणूनच नोंदणीचे कार्ड वर्षानुवर्षे नूतनीकरण करूनही ‘कॉल’ न आलेली पिढी महाराष्ट्राने पाहिली.

८/ आता सणसवाडी. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर, कोरेगाव भीमा व शिक्रापूर यांच्या मधले शिरूर तालुक्यातील हे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे याच रस्त्यावर रांजणगावची वसाहत उभी राहिली. विसावे शतक सरताना सणसवाडीत ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आला. ज्वारी-बाजरीच्या शिवारात फिटर, वेल्डर, सीएनसी ऑपरेटर हे शब्द रुळले. दूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेल्या तरुणापुढे प्रश्न मात्र जुनाच होता: येथे आपली ओळख कोण देणार?

९/ त्याच काळात लेखणीचा हात बदलला. १९९७ साली नोकरी डॉट कॉम, २००३ साली लिंक्डइन, २०१५ साली केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल. कारकून, जॉबर, सरकारी नोंदणी यांच्यानंतर प्रथमच कामगार आपली चेहरेपट्टी स्वतः लिहू लागला. पण स्वतः लिहिलेल्या वर्णनावर मालकाने विश्वास का ठेवावा? खिलजीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

१०/ उत्तरासाठी इटलीत डोकावू. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे चाकरी मागणारे पत्र रचले. त्यात आधी हलके पूल, तोफा, वेढ्याची साधने यांची यादी आहे. चित्रकलेचा उल्लेख शेवटी. युद्धाच्या छायेतील सत्ताधीशाला काय हवे, हे त्याने ओळखले होते. स्वतःची थोरवी सांगण्याआधी समोरच्याची गरज त्याने पाहिली.

११/ हाच धडा सणसवाडीत कसा लागू होतो? ‘मेहनती व प्रामाणिक’ हे कोणीही लिहील. कोणते यंत्र, कोणता कंट्रोलर, मिग की टिग वेल्डिंग, मायक्रोमीटरने मोजमाप येते का, आयटीआयचा ट्रेड व वर्ष, शिकाऊ उमेदवारी किती महिने: हे पडताळता येते, म्हणून वजनदार ठरते. आयटीआयत स्वतः घडवलेल्या जॉबचे छायाचित्र बोलके असते. कारखान्यातील ड्रॉइंग वा यंत्राचे छायाचित्र मात्र परवानगीविना टाकू नये. तो विश्वासघात ठरतो.

१२/ शेवटची खूण दस्तुरीची. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा ऑनलाइन ‘एजंट’ हा जुनाच जॉबर, फक्त त्याला गिरणीचे दार उघडण्याची ताकदही नाही. आधार क्रमांक व बँकेचा तपशील उघड प्रोफाइलवर नसावा. चेहरेपट्टी लिहिण्याचा हक्क कामगाराच्या हाती यायला शतके लागली. जे लिहायचे ते खरे लिहावे आणि आपली लेखणी पुन्हा दुसऱ्याच्या हाती देऊ नये.