मुळाबरहुकूम

नक्कल हा शब्द कानी आला की आम्हां मास्तर लोकांच्या कपाळाला आठी पडते. चीनमध्ये मात्र नकलेला मान होता. इ. स. ५०० च्या सुमारास श्ये ह या टीकाकाराने चित्रकलेची सहा सूत्रे सांगितली. त्यांतले सहावे जुन्या चित्रांच्या नकलेविषयीच आहे. कारण उघड आहे. चित्रे रेशमावर नाही तर कागदावर. कसर, ओल, आग, लढाया यांपुढे ती किती टिकणार?

'हान शीझाईची रात्रीची मेजवानी' हे गुंडाळीचित्र घ्या. दहाव्या शतकात राजा ली यू याला आपल्या या मंत्र्याच्या रंगेलपणाची खबर हवी होती. म्हणून त्याने गू होंगझोंग या दरबारी चित्रकाराला मेजवानीला धाडले, अशी कथा आहे. गड्याने सारे डोळ्यांत साठवले आणि परतल्यावर रंगवले. पण आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे ती बहुतेक अभ्यासकांच्या मते सुंग काळातली नक्कल. मूळ गेले, नक्कल राहिली!

आता या नकलेचीही नक्कल कशी झाली ते ऐका. बीजिंगला रोंगबाओझाई नावाची जुनी पेढी आहे. तिने १९५९ मध्ये हे काम हाती घेतले. आधी चित्रकाराने हाताने हुबेहूब प्रत काढायची. मग त्या प्रतीतली एकेक छटा वेगळी करून तिचा लाकडी ठसा कोरायचा. पाण्यात कालवलेला रंग ठशावर लावून, एकावर एक, रेशमावर उमटवायचा. रंग जरा पातळ झाला की पसरलाच! एका चित्रासाठी किती ठसे लागले असतील? १,६६७! मध्ये सांस्कृतिक क्रांतीने काम थांबले. पुरे झाले १९७९ मध्ये. प्रती निघाल्या अवघ्या ३५.

एवढा खटाटोप कशाला, छायाचित्र का नको, असे कुणी विचारील. अहो, मूळ चित्र २८.७ सेंटिमीटर उंच आणि ३३५.५ सेंटिमीटर, म्हणजे अकरा फूट लांब. पुस्तकाच्या पानात ते कोंबले तर माणसे मुंगीएवढी होतात. शिवाय असे चित्र भिंतीवर टांगून बघायचे नसते. मेजावर ठेवून उजवीकडून थोडे थोडे उलगडायचे, पाहिलेले गुंडाळत जायचे. पूर्ण मापाची प्रत असली तरच हे जमते. म्हणून मला ठशांची ही मेहनत फुकट वाटत नाही.

हान शीझाई पाचही प्रसंगांत दिसतो. भोवती वाद्ये, नाच, पाहुणे. आणि यजमानाचा चेहरा दर वेळी उदास. ठसा केसभर सरकला असता, तर तो हसताना दिसला असता.