एकतर्फी

दिवाणी कोर्टाच्या कागदांचे मराठी करताना ‘एकतर्फी हुकूमनामा’ हा शब्द मला अडवत नाही. ‘तर्फ’ आपल्याकडे इतका रुळला आहे की प्रेमही एकतर्फी असते. प्रश्न पडतो तो पुढचा: गैरहजेरीत झालेला हुकूमनामा रद्द करून घ्यायला माणसाने कोर्टात काय सांगायचे? आज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 13 प्रमाणे, समन्स रीतसर बजावले नव्हते किंवा न येण्यास पुरेसे कारण होते, हे दाखवावे लागते. अर्जाला मुदत तीस दिवस. ही वाट 1859 च्या दिवाणी कायद्यातही होती. तरी 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी तिकडे वळले नाहीत.

12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात जमावाने सावकारांची घरेदुकाने फोडली. लोण गावोगाव पसरले. मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती: खते आणि हुकूमनामे बाहेर काढा. कागद हाती आले की जमाव सहसा माणसाच्या वाटेला जात नसे.

खत जाळले तर पुरावा जातो. हुकूमनामा जाळून मात्र काय साधणार? मूळ कोर्टाच्या दफ्तरात राहतेच. ते लोक अडाणी होते, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे मला पटत नाही. कायद्याची वाट त्यांच्या बाजूने चालून पाहावी.

समन्स घेऊन आलेल्या बेलिफाला माणूस भेटला नाही, तर नक्कल दाराला चिकटवली की काम झाले. वाचता येत नसेल त्याला ते दार मुकेच. पुढे हुकूमनाम्याची बजावणी झाली, म्हणजे बैल जप्त झाले, की कलम 119 प्रमाणे जास्तीत जास्त तीस दिवस. तेवढ्यात गैरहजेरीचे सबळ कारण दाखवायचे, आणि न्याय चुकला हेही कोर्टाला पटवायचे.

खरी मेख इथे आहे. खतावर त्याची निशाणी होती, बहुधा नांगराची. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताला तीनच वर्षे दिली होती. म्हणून मुदत संपत आली की व्याज मुद्दलात मिळवून सावकार नवे खत करून घेई. कोर्टापुढे येई ते शेवटचे खत. ‘निशाणी तुझीच ना?’ ‘होय.’ हजर राहूनही निकाल तोच लागणार असेल, तर गैरहजेरी माफ करून घेऊन काय मिळायचे?

चौकशी आयोगानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने हे ओळखले. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे ज्याच्या अंमलबजावणीत काम केले, तोच हा कायदा. पुणे, नगर, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांत कोर्टाने प्रतिवादीलाच साक्षीला बोलवावे, नाही बोलावले तर कारण लिहून ठेवावे. रकमेबद्दल वाद असेल तर खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासावा. शेतकऱ्याने रक्कम कबूल केली तरी, ती कबुली खरी आहे आणि आपले हक्क जाणून दिली आहे अशी खात्री पटल्याशिवाय कोर्टाला या तपासातून सुटका नव्हती. एरवी कोरड्या वाटणाऱ्या कायद्याच्या भाषेत मला हे कलम थोर वाटते.

सावकारांनीही ते नीट वाचले असावे. पुष्कळांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली.