दिनविशेष | ३० एप्रिल : ऐजॉलचा पराक्रम

२०१७ : मिझोरमच्या ऐजॉल एफसीने आय-लीग फुटबॉल स्पर्धेचे विजेतेपद पटकावले. देशाची तेव्हाची सर्वोच्च लीग जिंकणारा हा ईशान्य भारतातील पहिला क्लब. आदल्या हंगामात आठव्या स्थानी राहिल्याने ऐजॉलची खालच्या श्रेणीत घसरण झाली होती. मात्र गोव्यातील क्लबांनी माघार घेतल्याने त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. या संधीचे त्यांनी सोने केले.

२२ एप्रिलला ऐजॉलने बलाढ्य मोहन बागानला १-० असे नमवले. झोमिंगलियाना राल्तेच्या हेडरने ती लढत जिंकून दिली. त्यामुळे शिलाँगमधील लाजाँग क्लबविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात ऐजॉलला बरोबरीही पुरेशी होती. लाजाँगच्या दिपांदा डिकाने सुरुवातीलाच गोल केला. पण उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. १८ सामन्यांत ३७ गुण मिळवून ऐजॉल विजेते ठरले, तर मोहन बागान अवघ्या एका गुणाने मागे राहिले.

या यशाचे शिल्पकार होते प्रशिक्षक खालिद जमील. त्याआधी अनेक वर्षे त्यांनी मुंबई एफसीला मार्गदर्शन केले होते.