धवळा, खाजण आणि माग

भिवंडीचे नाव काढताच परगावच्या माणसाच्या कानात यंत्रमागांची खटखट घुमू लागते, हे स्वाभाविकच आहे. परंतु 1857 च्या बंडानंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकरांची कुटुंबे या कसब्यात येऊन हातमाग मांडू लागली, त्याच्याही कितीतरी आधीपासून कामवारीच्या नि उल्हासखाडीच्या काठच्या आगरी गावांत, लग्नाच्या मांडवात, एक वेगळाच नाद उठत असे. इतिहासकार 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्याची नोंद करून पुढच्या मोहिमेकडे वळतात. त्या मुलखातील माणूस काय ऐकत होता, हे कोणत्याही दप्तरात सापडावयाचे नाही. तो नाद धवळ्याचा.

शब्द जुना आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. त्याच नावाची गीते ठाणे व रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यांतील आगरी-कोळ्यांच्या घरी पोथीवाचून, केवळ मुखपरंपरेने, आपल्या काळापर्यंत येऊन पोहोचली. ती म्हणणारी धवलारीण हिला नुसती गाणारी बाई समजणे चूक होईल, कारण पुष्कळ घरी विवाहविधीचे पौरोहित्यच तिच्याकडे असे.

आता हे ऐकणारे कोण, हे पाहिले म्हणजे त्या गीतांचे कार्य उमगते. आगर पिकविणारा तो आगरी, मग ते आगर मिठाचे असो वा भाताचे. त्याची शेती म्हणजे समुद्राशी केलेला एक नाजूक करारच. खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीला, बांध घालावयाचा, बांधातल्या उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडावयाचे आणि भरतीला खारे पाणी आत शिरू द्यावयाचे नाही, पावसाळ्यांमागून पावसाळे मातीतला क्षार धुऊन जाण्याची वाट पाहावयाची, मग कोठे भात धरते. उधाणाला बांध एका जागी फुटला तरी साऱ्या गावाचे शेत खारावते. अशा भूमीवर राहणाऱ्याला तिथी, वारा, झाड आणि माती यांची ओळख ठेवणे प्राप्तच होते, आणि ती ओळख त्याला कोणी पाठशाळेत करून दिली नाही. मुहूर्तमेढीचा उंबर, तोरणाचा आंबा, हळद, तांदूळ, पाणी यांना विधीच्या क्रमाने आवाहन करणारी म्हातारी मांडवात बसली की आईच्या मांडीवरचे पोर ती नावे ऐके, आणि दहा लग्नांनंतर त्याला ती पाठ होत. उंबर सहसा कोणी तोडीत नाही याचे श्रेय आपण धर्मभीरुतेला देतो. मला वाटते, त्यात कानाचाही वाटा मोठा आहे.

याचा अर्थ मागाचा आवाज म्हणजे निव्वळ कोलाहल, असा मात्र मी करणार नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात येथे यंत्रमाग आले आणि पाहता पाहता गल्लोगल्ली कारखाने झाले. त्या गदारोळात उभा असलेला कसबी कामगार चार-सहा मागांच्या नादातून एकाची लय चुकलेली ओळखतो आणि डोळ्यांनी पाहण्याआधीच त्याचा हात तिकडे वळतो. तोही श्रवणाचा संस्कारच होय. फरक इतकाच, की हा कान यंत्राशी जोडलेला आहे आणि पाळी संपल्यावर त्याला बाहेरचे फारसे ऐकू येत नाही.

तिसरा अध्याय गोदामांचा, आणि तो थोडक्यात सांगण्याजोगाच आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, दापोडे, माणकोली या गावांत भाताच्या जागी पत्र्याची छपरे उभी राहिली. जमिनीला भाव आला, घरे पक्की झाली, आणि यात आगरी माणसाने काही गुन्हा केला असे म्हणण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्या आपल्याला नाही. हळदीला आता बेंजो वाजतो, त्यावर डीजे. बेंजोचा ठेका मलाही आवडतो. पण त्या ध्वनिवर्धकापुढे उंबराचे नाव घेणारा वृद्ध कंठ टिकत नाही.

येत्या वैशाखात भिवंडीकडच्या एखाद्या आगरी घरून हळदीचे निमंत्रण आले, तर वाचकहो, तासभर आधी जा. बेंजोवाले अजून तारा जोडीत असतील. तेवढ्यात एखादी धवलारीण मांडवात दिसली, तर तिच्याजवळ बसून घ्या.