ताग गाडला, मग नत्र गेलं कुठं?



काही वर्षांपूर्वीची माझीच चूक सांगतो. मे अखेरीला ताग पेरला, ५० दिवसांनी फुलावर आल्यावर गाडला. पण कोबीची रोपं वेळेत मिळाली नाहीत. वावर महिनाभर मोकळं राहिलं आणि त्यात पावसाची झड लागली. मागून लावलेला कोबी पिवळाच. शेवटी युरिया टाकून निभावलं. "ताग-बिग सगळं खोटं," असं मी चारचौघांत बोललोसुद्धा.

खोटा ताग नव्हता, हिशोब माझा चुकला होता. हा हिशोब जगाला कळायला पन्नासेक वर्षं लागली, ती गोष्ट वाचण्यासारखी आहे.

कडधान्याचा बेवड चांगला, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊकच होतं. का चांगला, ते माहीत नव्हतं. १८३८ च्या सुमारास फ्रान्समध्ये बुसँगो यांनी मोजून दाखवलं, की क्लोव्हर या द्विदल चाऱ्यात नत्र वाढतं, गव्हात वाढत नाही. पण पुढं १८५७-५८ साली इंग्लंडच्या रॉथमस्टेडला लॉज, गिल्बर्ट आणि पग यांनी काटेकोर प्रयोग केला, तर द्विदलातही नत्र वाढलं नाही. कारण प्रयोग शुद्ध राहावा म्हणून त्यांनी माती तापवली होती. मातीतले जिवाणूच मेले, मग नत्र आणणार कोण?

हे कोडं १८८६ साली जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी सोडवलं. निर्जंतुक वाळूतला वाटाणा उपाशी राहायचा. त्याला चांगल्या शेतातल्या मातीचं पाणी घातलं, की मुळांवर गाठी येऊन तो हिरवागार व्हायचा. ओटला त्याचा काही उपयोग झाला नाही. १८८८ मध्ये हॉलंडच्या बेयरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला. आज आपण बियाण्याला रायझोबियम चोळतो, त्याचं मूळ इथं आहे.

पण माझा कोबी पिवळा का पडला, त्याचं उत्तर वेगळ्या प्रयोगात आहे. १८७७ साली फ्रान्सच्या श्लोझिंग आणि म्युंत्स यांनी वाळू-चुनखडीच्या नळीतून गटाराचं पाणी सोडलं. पहिले वीसेक दिवस काहीच नाही, मग नायट्रेट यायला लागलं. क्लोरोफॉर्म दिल्यावर ते थांबलं. म्हणजे हेही जिवाणूंचंच काम. गाडलेला पाला कुजतो, त्यातून अमोनियम आणि अमोनियमचं नायट्रेट होतं. अमोनियम मातीचा कण धरून ठेवतो. नायट्रेटला तो धरत नाही, ते पाण्याबरोबर खाली जातं.

रॉथमस्टेडलाच १८७० मध्ये २०, ४० आणि ६० इंच खोल मातीचे ठोकळे जागेवरच बांधून खालून झिरपणारं पाणी गोळा केलं. खत नाही, पीक नाही, तरी त्या पाण्यात वर्षानुवर्षं नायट्रेट येत राहिलं.

माझ्या मोकळ्या वावरात तेच झालं. नत्र तयार झालं, पण खायला मूळ नव्हतं. कोबीची कोवळी मुळं वर आणि नत्र खाली, पुढं विहिरीकडं.

आता मी असं करतो. रोपवाटिका आधी टाकतो, रोपाची तारीख धरून ताग पेरतो. कोवळा ताग लवकर कुजतो, म्हणून गाडल्यावर दोन-तीन आठवड्यांत लागवड उरकतो. ताग जून होऊन काडी टणक झाली, तर उलटं होतं. काडी कुजवताना जिवाणूच मातीतलं नत्र खातात आणि पीक काही काळ उपाशी राहतं. लागवड लांबणार असेल तर वावर मोकळं ठेवत नाही, मका नाहीतर ज्वारीचा चारा टाकतो. सुटलेलं नत्र तो धरतो.

नत्र फुकट मिळतं मंडळी, पण ते थांबत नाही. तुमच्याकडं ताग गाडल्यावर किती दिवसांनी लागवड करता? काळी जमीन की मुरमाड, तेही लिहा.