कागदाच्या घड्यांतून गोष्ट: तंत्र आणि तत्त्व

गोष्ट सांगता सांगता कागदाच्या घड्या घालणे ही वरवर पाहता मुलांना रमवण्याची एक युक्ती वाटते. प्रत्यक्षात तो कथनाचा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याला स्वतःची शिस्त आहे. चित्रांच्या पुस्तकात चित्र आधीच काढलेले असते, बाहुलीच्या खेळात पात्र आधीच तयार असते. इथे मात्र वस्तू मुलांच्या डोळ्यांदेखत घडते, बदलते, कधी मोडतेही. म्हणून या प्रकाराची मुख्य कसोटी एकच: घडी ही गोष्टीतली घटना असली पाहिजे. गोष्ट एकीकडे चालली आहे आणि हात दुसरीकडे बेडूक करत आहेत, असे झाले तर मुले बेडूक पाहतात आणि गोष्ट हरवते.

बालशिक्षणात घडीकामाला मानाचे स्थान दिले ते फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी. जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे १८३७ मध्ये त्यांनी काढलेल्या संस्थेला १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळाले. हाताने करायच्या कृतींतून निघणाऱ्या आकारांचे त्यांनी तीन वर्ग मानले: जीवनातल्या वस्तूंचे, सौंदर्याचे आणि ज्ञानाचे. होडी हा पहिल्या वर्गातला आकार, नक्षी दुसऱ्या, आणि चौरसातून निघणारे त्रिकोण तिसऱ्या. यातला तिसरा धागा भारतात फार पुढे गेला. टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासला प्रसिद्ध केलेले घडीकामातील भूमितीचे पुस्तक किंडरगार्टनच्या साहित्यावरूनच सुचल्याचे त्यांनी प्रस्तावनेत नोंदवले आहे. गोष्टीचा संबंध पहिल्या वर्गाशी येतो. आपल्याकडे शाळांनी हा वर्ग ‘हस्तकला’ म्हणून बाजूला ठेवला आणि त्यातली कथनशक्ती वाया घालवली, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही शक्ती कशात आहे हे पाहण्यासाठी कप्तानाच्या सदऱ्याची गोष्ट घेऊ. ती अनेक देशांत तोंडी चालत आलेली आहे. कोकणच्या किनाऱ्यावर सांगताना कप्तानाचा तांडेल करावा; गोष्टीचे काही बिघडत नाही, उलट मुलांना माणूस ओळखीचा होतो. वर्तमानपत्राचे जोडपान मधोमध दुमडायचे, घडीकडचे दोन्ही कोपरे मध्यरेषेवर आणायचे, खाली उरलेल्या पट्ट्यांपैकी एक पुढून आणि एक मागून वर वळवायची. तांडेलाची टोपी झाली. टोपीत अंगठे घालून ती आडव्या दिशेने उघडून चपटी केली की चौकोन होतो. त्याची खालची टोके पुढून-मागून वर दुमडली की लहान टोपी, ती तांडेलाच्या मुलाची. ती पुन्हा तशीच उघडून चपटी करायची आणि वरची दोन सुटी टोके बाजूंना ओढायची. होडी पाण्यात उतरली.

मग वादळ येते. होडीचे पुढचे टोक खडकावर आपटते: ते फाडायचे. मागच्या टोकावर लाट येते: तेही फाडायचे. वाऱ्याने शीड मोडते, मधला शेंडा जातो. आता उरलेला कागद सावकाश उलगडत पहिल्या दुमडीपर्यंत आणायचा. हातात गळा आणि बाह्या असलेला सदरा येतो.

हा चमत्कार भूमितीचा आहे. शिडाचा शेंडा म्हणजे मूळ कागदाचा नेमका मध्यबिंदू. तो गेला की तिथे गळ्याचे भोक पडते. होडीची दोन टोके कागदाच्या डाव्या-उजव्या कडांवरची असतात, म्हणून ती फाडली की बाह्यांखाली खाचा पडतात. म्हणजे सदरा पहिल्यापासून कागदात होता आणि वादळाने तो मोकळा केला. प्रत्येक नुकसानाचा शेवटी उपयोग झालेला असतो. शब्दांनी इतकी घट्ट बांधलेली बालकथा सहसा सापडत नाही.

यावरून काही नियम निघतात. मधला प्रत्येक आकार ओळखू येण्याजोगा हवा. या गोष्टीतली अवघड जागा म्हणजे टोपीनंतरचा चौकोन, कारण तो कशासारखाच दिसत नाही आणि तिथे कथन मुके होते. त्याला भाकरी बांधलेले फडके म्हणावे. तांडेल समुद्रावर निघाला आहे, त्याला शिदोरी लागतेच. जिथे घडी लांबते तिथे वाक्यही लांबवावे, जिथे कागद फाटतो तिथे वाक्य तोडावे. शेवटी उलगडताना मात्र काहीच बोलू नये. सांगणाऱ्याला सगळ्यात जास्त मोह इथेच होतो आणि ‘बघा हं आता काय होतंय’ म्हणून तो मुलांचा शोध स्वतःच लावून टाकतो.

पारंपरिक शेवटात सदराच तेवढा मागे उरतो, म्हणजे माणूस बुडाला असे सुचते. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी मी हा शेवट स्वीकारत नाही. तांडेल पोहत किनाऱ्याला लागला आणि सदरा वाळूवर वाळत घातला, इतके पुरे. मोठ्या मुलांना मूळ शेवट सांगायला हरकत नाही. ती त्यावर बोलतात.

मुलांनी स्वतः घड्या कधी घालाव्यात? तीन वर्षांच्या हातांना कोपऱ्यावर कोपरा जुळवणे बहुधा जमत नाही; त्यांना घडीवर नख फिरवून ती पक्की करण्याचे काम द्यावे. पुढे पाच-सहाव्या वर्षी मूल तीच गोष्ट परत सांगू लागते, तेव्हा या प्रकाराचा खरा लाभ दिसतो. प्रसंगांचा क्रम विसरला तरी हातातली पुढची घडी पुढचा प्रसंग आठवून देते. प्रश्न विचारून, तक्ते लावून आपण जे आणू पाहतो ते क्रमाचे भान इथे बोटांतून येते.

साहित्याबद्दल फार लिहायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंतून बालवाडी उभी करता येते हे दाखवून दिले आहे. रद्दीचे पान त्याच परंपरेतले. रंगीत कागदाचे लहान चौकोन या गोष्टीला उपयोगी नाहीत; मागच्या रांगेतल्या मुलाला होडी दिसत नाही आणि सदरा अंगात जात नाही.

बालवाडीच्या शिक्षिकांना आणि घरी गोष्टी सांगणाऱ्या आजी-आजोबांना माझी विनंती आहे: वीस आकार शिकू नका. टोपी, होडी, सदरा यांची ही एकच गोष्ट इतकी घोटा, की हातांकडे न पाहता मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहून ती सांगता येईल. आणि सदरा तयार झाला की तो भिंतीवर टांगू नका, मुलांना घालू द्या.